कॅरिअरमास्तर

"रडू नका मास्तर," नत्थूजी सोनकुसरे म्हणाले, "पन माही पोरगी पालिटेकले जानार नाही म्हंजे नाही."

देवराव रेवतकर मास्तर रडत नव्हते. त्यांनी फक्त गोदूबाईंनी केलेल्या पाटोडीच्या रश्श्यात भाकरीचा तुकडा जरा जास्तच बुडवून तोंडात घातला होता. टांडापेठेतल्या विणकरांच्या घरचा रस्सा खायला लहानपणापासूनची सवय लागते, आणि मास्तर पडले दूधभाताचे गडी. नाकाडोळ्यांना धारा लागल्या होत्या, कान तापले होते, आणि बोलायला जावं तर जीभ जागची हलत नव्हती. नत्थूजींना मात्र वाटलं की एवढा शिकलेला माणूस आपल्या पोरीसाठी आपल्याच ओसरीवर बसून रडतोय. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवला, "वाढ वं आनखी" म्हणून बायकोला सांगितलं, आणि नकार होता तिथंच ठेवला.

मास्तर याच कामासाठी महिनाभर या घरी खेटे घालत होते. मॅट्रिकचा निकाल लागला होता, नत्थूजींची पुष्पलता शाळेत पहिली आली होती, आणि प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती. सदरमधल्या पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या डिप्लोमाला तिला जागा मिळण्याजोगे मार्क होते. अडलं होतं ते बापाच्या होकारापाशी.

देवराव मास्तर तसे शाळेत भूगोल शिकवायचे. काही वर्षांपूर्वी सरकारचं पत्रक आलं की प्रत्येक हायस्कुलात एक करिअर मास्तर असावा, आणि मॅट्रिकनंतर कोणत्या कॉलेजात जावं, कोणती लाइन घ्यावी, हे त्यानं मुलांना सांगावं. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. देवराव मास्तर खिडकीतून आभाळाकडे बघत राहिले, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. थोडं ट्रेनिंग झालं, एक जाडजूड पुस्तिका मिळाली. पुस्तिकेत कॉलेजांचे पत्ते होते, पण कॉलेज म्हणजे काय असतं ते कुठंच नव्हतं. ज्या मुलांच्या घरात कोणी कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही, त्यांना पत्ते सांगून काय होणार? मास्तरांनी मग आपली साधी रीत काढली. मुलाला सायकलच्या कॅरिअरवर बसवायचं आणि कॉलेज दाखवून आणायचं. बघितल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही.

ही रीत चांगली लागू पडली. कवडू नावाच्या मुलाला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलच्या आवारात फिनेलचा वास नाकात गेला तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि परत येताना तोच म्हणाला, सर, दुसरं काहीतरी बघू. दुसऱ्या रविवारी मास्तरांनी त्याला शेतकी कॉलेजात नेलं. तिथल्या संत्र्याच्या झाडांत तो जो शिरला तो पुन्हा कॅरिअरवर बसायला तयार होईना. अंधार पडेतो मास्तर त्याला हाका मारत होते. आता तोच कवडू शेतकी खात्यात होता आणि दर हंगामात मास्तरांच्या घरी संत्र्यांची टोपली पाठवत होता.

मोहल्ल्यातल्या लोकांनी मात्र 'कॅरिअर' हा शब्द त्याआधी फक्त सायकलच्याच बाबतीत ऐकला होता. तेव्हा कॅरिअरमास्तर म्हणजे कॅरिअरवर बसवून नेणारे मास्तर, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. मास्तरांनी सुरुवातीला दोघाचौघांना खरा अर्थ समजावून पाहिला. "तेच तं म्हनून राह्यलो आमी," असं उत्तर आलं. मग मास्तरांनी नाद सोडला. हळूहळू अशीही समजूत झाली की या कॅरिअरवर एकदा बसलं की कॉलेज लागतंच. बायका परीक्षेच्या आधीच पोरांना घेऊन यायच्या आणि नुसतं टेकवून न्यायच्या.

पंचाईत व्हायची ती मुलींची. वयात आलेल्या मुलीला मास्तरांनी सायकलवर डबलसीट बसवून गोळीबार चौकातून न्यायचं म्हणजे दोघांच्याही अब्रूचे धिंडवडे. त्यामुळे मुलींना मास्तर वर्गातच बसून तोंडी सांगायचे, आणि मुली माना डोलावून जवळच्या आर्ट्स कॉलेजात नाव घालायच्या. मास्तरांना ते खटकायचं, पण त्यावर उपाय सुचत नव्हता.

पुष्पलतेनं मान डोलावली नाही. मास्तर प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे, की कोणी काही काम सांगितलेलं नसलं की तू काय करतोस. बहुतेक मुलं 'अभ्यास' असं खोटं सांगायची. ही म्हणाली, "सर, मी नळाच्या मागं जाते." त्यांच्या गल्लीच्या टोकाला पाणी करंगळीएवढं यायचं. ते कुठं अडतं हे बघायला ती नळाचा पाइप धरून गल्लीगल्लीतून पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती, आणि सगळं कागदावर काढलं होतं. नकाशा बघून भूगोलाच्या मास्तरांना हर्षच झाला. कुठल्या गल्लीचा उतार कुठे, कोणत्या वळणावर पाइप बारीक होतो, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी तिला पॉलिटेक्निकबद्दल सांगितलं. तिथं हेच शिकवतात, पाणी, रस्ते, पूल. पुष्पलतेनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "मुलं बघून येतात सर. मी न बघताच फॉर्म भरू का?"

 त्या दिवसापासून हे कॉलेज तिला मिळवून द्यायचंच, असं मास्तरांनी मनाशी धरलं.

आणि नत्थूजी काही मुलींच्या शिक्षणाच्या आड येणारे गृहस्थ नव्हते. मास्तरांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट हीच होती. पोरगी बी.ए. होऊ द्या, एम.ए. होऊ द्या, लग्नाची घाई नाही, असं ते मागावर बसल्या बसल्या स्वतःच म्हणायचे. फक्त पॉलिटेक्निकचं नाव निघालं की मागाचा धोटा थांबायचा. मास्तर म्हणाले, तीन वर्षांत ती आपल्या पायावर उभी राहील. नत्थूजी म्हणाले, उभं राह्यनंच तं नको मास्तर. मास्तर म्हणाले, सगळं सरकारी आहे, चांगली माणसं आहेत. नत्थूजी म्हणाले, सुरुवातीले सगळेच हात जोडतात. मास्तर म्हणाले, तिच्या हातून गल्लीची कामं होतील. यावर तर नत्थूजी उठून आतच निघून गेले.

आज रश्श्यापुढंही काही चाललं नव्हतं. मास्तर हात धुऊन, डोळे पुसून बाहेर आले आणि सायकलचं कुलूप काढू लागले. तेवढ्यात गोदूबाई पाण्याचा गडवा घेऊन मागोमाग आल्या.

"तुमी मनावर नका घेऊ मास्तर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "याईचे मोठे भाऊ उभे राह्यले होते ना. छत्रीवर."

"कशावर?"

"छत्री निशानी होती. मुन्शिपाल्टीच्या विलेक्शनमधी. माहे भासरे, रामाजी. घरचे माग इकले, लोकाईले चहा पाजला, आन पडले. लाजेनं उमरेडले गेले ते आजवर या गल्लीत पाय नाही ठेवला त्याईनं. तवापासून याईले पालिटिकचं नाव काढलं का ताप चढते. आन तुमी तं पोरीलेच पालिटेकमधी टाकतो म्हनून राह्यले."

मास्तर गडवा तोंडाला लावून होते. पाणी नाकात गेलं. ठसका आवरल्यावर ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सायकल ढकलत गेले, आणि तिथं हँडलवर डोकं टेकवून जे हसत सुटले ते पोट दुखेपर्यंत. महिनाभर ते एका कॉलेजची तारीफ करत होते, आणि नत्थूजी ती एका निवडणुकीची म्हणून ऐकत होते.

परत जाऊन समजावून सांगावं, असं आधी त्यांच्या मनात आलं. पण शब्दानंच घोळ घातला होता, त्यात आणखी शब्द ओतून काय होणार? आणि तेव्हाच त्यांना आपलीच रीत आठवली. मुलीला कॅरिअरवर बसवता येत नव्हतं. बापाला बसवायला कोणाची हरकत होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाची तपन चढायच्या आत, मास्तर दारात हजर झाले आणि म्हणाले, नत्थूजी, आज तुम्ही बसा. बघून या, आणि मग नाही म्हणा. मी पुन्हा या दारात येणार नाही. काल या माणसाला रडताना पाहिलं होतं म्हणून असेल, नत्थूजींना नाही म्हणवलं नाही. त्यांनी धुवट टोपी घातली, धोतराचा सोगा आवरला आणि कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसले. दाराआडून पुष्पलता बघत होती. 

गल्लीला सकाळीच करमणूक झाली. "काहून गा नत्थूजी, कोनत्या कालेजात नाव टाकून राह्यले?" असं पानठेल्यावरून कोणीतरी विचारलंच. नत्थूजींनी मान खाली घातली आणि मास्तरांच्या कमरेला घट्ट धरलं. गड्डीगोदामच्या पुलाशी मास्तरांना धाप लागली तेव्हा ते उतरतो म्हणाले, पण मास्तरांनी उतरू दिलं नाही.

पॉलिटेक्निकला सुट्या होत्या, तरी काही मुलं राहिलेलं काम पुरं करायला आली होती. वर्कशॉपमध्ये कानशी चालत होत्या. मैदानात दोघं साखळी धरून जमीन मोजत होते. नत्थूजी सगळीकडे फिरले. त्यांनी भिंतींवर पोस्टरं शोधली, कोपऱ्यात लाउडस्पीकर शोधला. कुठंच काही सापडेना तेव्हा त्यांनी फाटकाजवळ बसलेल्या चपराशाला गाठलं. मास्तर दोन पावलं मागं उभे राहिले.

"काहून भाऊ, येथं निवडून कोन येते?"

"ज्याले मार्क असते तो," चपराशी म्हणाला.

"आन एखादा पडला तं?"

"पुढच्या खेपेले पुन्हा बसते."

"घर नाही इकत?"

चपराशानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "परीक्षेत पडलं तं घर काहून इकंन बाप्पा?"

नत्थूजी आवारातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मास्तरही शेजारी बसले. दोघंही साखळीवाल्या मुलांकडे बघत राहिले.

"म्हंजे मास्तर, हे पालिटिक नाही."

"नाही."

"मंग महिनाभर आपन कायचं भांडन करून राह्यलो होतो?"

दोघांनाही एकदमच हसू आलं. चपराशी मान वळवून बघायला लागला इतके ते हसले. मग हसता हसता नत्थूजींचा आवाज बदलला. टोपीची घडी चाचपत ते म्हणाले, "माहा भाऊ लय चांगला होता मास्तर. लोकाईनं त्याले डोक्यावर घेतलं आन सोडून देल्लं. तो वापस नाही आला. मले वाटलं, पोरगी बी तशीच हातची जाईन." या वेळी डोळ्यांत पाणी होतं ते नत्थूजींच्या, आणि त्याच्याशी रश्श्याचा काही संबंध नव्हता. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कालच्या हाताची परतफेडच ती.

उठता उठता नत्थूजींनी विचारलं, इथं नळाचंही शिकवतात का. शिकवतात, मास्तर म्हणाले. मग आमच्या गल्लीला पाणी येईल? थोडी वर्षं थांबावं लागेल, मास्तर म्हणाले. थांबू, नत्थूजी म्हणाले, आणि स्वतः होऊन कॅरिअरवर बसले. फॉर्म त्याच दुपारी भरला गेला. संध्याकाळी पुष्पलता शाळेत येऊन मास्तरांच्या पाया पडली आणि पळून गेली.

जुलैत कॉलेज सुरू झालं. मास्तर मोहननगरात राहायचे. रोज सकाळी ते गड्डीगोदामवरून शाळेकडे यायचे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी पुलाच्या अलीकडे त्यांना समोरून एक सायकल येताना दिसली. कोणाची तरी मागून आणलेली, मडगार्ड खडखडणारी. कॅरिअरवर पुष्पलता ताठ बसली होती, मांडीवर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली नकाशे काढायची टी-स्क्वेअर पट्टी. आणि सीटवर कोणीच नव्हतं. नत्थूजी धुवट टोपी घालून, दोन्ही हातांनी हँडल धरून, सायकलीच्या बाजूनं चालत होते. टांडापेठेपासून इथवर ते तसेच आले होते.

मास्तर उतरले. म्हणाले, चाकातली हवा गेली का?

"हवा टंच आहे," नत्थूजी धापा टाकत म्हणाले. "मले चालवता नाही येत."

"मग पायीच आणायचं ना तिला. दोघंही चालत आला असतात."

"मीही तेच म्हटलं सर," पुष्पलता कॅरिअरवरून म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

नत्थूजींनी मास्तरांकडे असं पाहिलं की एवढ्या शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं का. "असं कसं मास्तर. कॅरिअरवर बसल्याबिगर कोनाले कालेज लागलं आहे का आजवर?"

 'कॅरिअर'चा खरा अर्थ सांगायचा तर तो मास्तरांनी कधीच सोडून दिला होता, आणि आता त्यांना स्वतःलाच तो धड आठवत नव्हता. मागून एक टांगा घंटी वाजवत आला. नत्थूजींनी हँडल सावरलं, पोरीला नीट धरून बसायला सांगितलं आणि पुढं पाऊल टाकलं. देवराव मास्तरांनी आपली सायकल रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्यांना वाट दिली.