गोप्याची आंघोळ

माझ्या लेकीचं, राजेश्रीचं लग्न झालं त्या वर्षीची थंडी. रेणुकाबाईंच्या घरी पाणी तापलं होतं, हळद-तेल घेऊन सुईण पाय पसरून बसली होती, आणि माझी धाकटी जाऊ कस्तुरा न्हाणीच्या दारात आडवी उभी होती.

"सरक, कस्तुरे," रेणुकाबाई म्हणाल्या. "आज पाचवी हाय. लेकरू न्हाल्याबिगर सटवाई येती का दारात?"

कस्तुरा गावची आशाताई. आतल्या खोलीत रेणुकाबाईंची सून प्रियांका नागड्या पोरीला उबेसाठी उघड्या छातीशी धरून, वरून शाल घेऊन पडली होती. पोर दोन किलोही भरली नव्हती. वजन वाढेपर्यंत आंघोळ घालू नका, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं. प्रियांकाचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं. त्या वेळी पाचवी घाईत उरकली म्हणून सटवाई रुसली, हे रेणुकाबाईंच्या मनात घट्ट बसलं होतं.

सेलूहून आलेली त्यांची नणंद म्हणाली, "काय गं आशाबाई, सरकार आता देवीलाबी कायदा शिकवायलंय का?"

बायका हसल्या. कस्तुराही हसली. 'तुमचं चुकतंय' असं ती कुणाच्या घरात कधी म्हणाली नाही. ती रेणुकाबाईंना चिकटून खाली बसली.

"मावशी, भ्या वाटायलंय ना?"

रेणुकाबाईंचा आवाज खाली आला. "मंग न्हाई वाटणार? एक गेलं माझ्या मांडीवर. ह्या बारीला काईच कमी पडू देणार न्हाई मी."

"मलाबी तेच वाटायलंय. पोर लय बारीक हाय. गारठली तर सावरायची न्हाई." मग कस्तुरानं विचारलं, "बारशाला पाळण्यात आदी कोण निजतंय?"

"गोप्या."

"म्हंजी कुंची घातलेला वरवंटाच ना? पोरीच्या आदी त्यो पाळण्यात निजतो. मंग आज तिच्या जागी न्हाईल की त्यो!"

सगळ्या रेणुकाबाईंकडे बघत राहिल्या. सुईणच आधी फिसकन हसली. "आण गं. रडायचाबी न्हाई मेला."

रेणुकाबाई उठल्या आणि स्वतः वरवंटा घेऊन आल्या. सुईणीनं त्याला हळद-तेल चोळलं, मांडीवर आडवा घेऊन कढत पाणी घातलं.

"कान धुवा नीट त्याचे," नणंद करवादली.

रेणुकाबाईंनी तो पुसला, कुंचीत गुंडाळला, सटवाईपुढं ठेवून हात जोडले. आत पोर आईच्या छातीवर झोपलेलीच होती.

पुढं प्रियांका जेवायला बसली की रेणुकाबाई नातीला आपल्या छातीशी धरून बसायच्या. पोर जगली. तीच योगिनी आता शाळेत जाते. आमच्या गावात लेकरू बारीक असलं की पाचवीला गोप्याच न्हातो. आता कुणाला सांगावं लागत नाही.

मयतीच्या घरी तान्ही लेकरं आणत नाहीत. आमच्या घरी मात्र त्या सकाळी बायका लेकरं घेऊन आल्या. अंगणात मावेनात, तशा रस्त्यावर उभ्या राहिल्या. कुणी त्यांना परत जा म्हणालं नाही.

माझी जाऊ कस्तुराबाई गेल्या माघात काविळीनं वारली.