पाच किलो कॉफीची बेगमी

माझा कुंदन पुण्याहून निघाला की आधी धुळ्याला उतरतो, सासुरवाडीला. जळगावची आई मागून! कारण काय, तर विहीणबाईंची कॉफी. दीपमालाताईंकडे मशीन आहे. एवढ्याशा कपात काळी कॉफी पडते, वर तपकिरी फेस, आणि माझा पोरगा दोन-दोन दिवस तिथेच रमतो. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

चैत्रात मीही मशीन आणलं. भाजलेल्या बिया घेतल्या त्या चांगल्या पाच किलो. गहू, तूरडाळ वर्षाची भरते, मग कॉफीनं काय घोडं मारलंय? गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवलं, कडुनिंबाचा पाला घातला आणि कोठीत भरून ठेवल्या.

"हाई काय शे?" आमच्या ह्यांनी बियांकडे बोट दाखवून विचारलं.

"तुमच्या विहीणबाईंची जिरवते," मी म्हटलं.

दिवाळीत कुंदननं बायकोला धुळ्याच्या स्टँडवर उतरवलं आणि स्वतः थेट जळगाव गाठलं. सासूच्या उंबऱ्यालाही गेला नाही! मी मनात म्हटलं, जिंकले बाई.

लगेच बिया दळल्या, दाबून भरल्या, बटण दाबलं. कॉफी थेंबथेंब यायला हवी, तर ती भळाभळा आली, पातळ पाण्यासारखी. फेस नावालाही नाही. वास कडुनिंबाचा. तरी कप कुंदनपुढे ठेवला.

कुंदननं घोट घेतला, जरा थांबला. "मस्त झालीय, आई."

"अजून देऊ?"

"दे ना."

तीन कप प्याला. मग मला कुठला दम निघतोय! ओट्यापाशी उभं राहूनच धुळ्याला फोन लावला.

"विहीणबाई, तुमचे जावई तीन कप प्याले हो माझ्या हातची! चैत्रात पाच किलो भरून ठेवली होती."

"अगं बाई, चैत्रातली? अहो अक्का, भाजलेली बी महिना-दीड महिन्यात संपवावी लागते. नाहीतर दमच राहत नाही तिच्यात. मी पाव किलोच आणते, भाजल्याची तारीख बघून." मग त्या एकदम घाबऱ्या झाल्या. "पण तीन कप? जावईबापूंना पित्ताचा त्रास ना! श्रावणापासून डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय. तुम्हाला सांगू नका म्हणाले जावईबापू. आईनं हौसेनं मशीन घेतलंय, तिचा हिरमोड नको."

मी फोन ठेवला. आत कुंदन पलंगावर पोटाशी उशी धरून कुशीवर पडला होता. मला बघून हसला. "खरंच मस्त होती गं."

गार दूध आणून त्याच्या हातात दिलं, पाठीवरून हात फिरवला. डोक्यात एकच गोष्ट ठणकत होती. माझ्या पोराचं पोट दुखतं, हे मला धुळ्याहून कळावं?