सूपभर कोंड्याची लेक

कोंडीचं तोंड सकाळी एकदा उघडलं की झोप लागेपर्यंत मिटायचं नाही. शिवाजी पेठेतली कुत्रीसुद्धा मधूनमधून दम खात, ही पोरगी कधी खात नसे. वय अजून पाच पुरतं नाही, आणि प्रश्न असे की भल्याभल्यांनी डोकं खाजवावं.

"आय, मला घेतली तवा कोंडा ताजा होता का जुना?"

"ताजा हुता. गप बस."

"आन् जरा जास्ती घातला आसता तर गोरी मिळाली आसती?"

"तेवढ्यात तूच मिळालीस. शेण उचल."

"आन् बाबाला कितीला घेतला?"

झुंबरबाई म्हशीची धार काढता काढता हसू दाबायची. "त्येला माझ्या बापानं घेतला. लय म्हाग पडला." आणि पलीकडे वैरण टाकणारा पिराजी ऐकू न आल्यासारखं करायचा. गरीब माणूस. बायको आणि लेक दोघी मिळून बोलायला लागल्या की त्याला म्हशीचाच काय तो आधार.

हे कोंड्याचं प्रकरण काय, ते आधी सांगायला पाहिजे. झुंबरबाईची पहिली दोन लेकरं हाताला लागली नाहीत. थोरला देवीच्या आजारात गेला. त्याच्या पाठची पोरगी गाठीच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत गेली, सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं होतं त्या साली. तिसऱ्या खेपेला कोंडी झाली तेव्हा सुईणीनं बजावलं, "झुंबरे, ही तुझी न्हवंच. तुझी म्हटलीस की सटवाई न्यायला आली म्हणून समज. ही दुसऱ्याची कर आन् इकत घे."

दुसऱ्याची म्हणजे कुणाची? तर अमीरबीची. अमीरबी ही दोन घरं सोडून राहणाऱ्या शमशुद्दीन पिंजाऱ्याची बायको. सात लेकरं झाली, सातही धडधाकट. असल्या बाईचा पदर भाग्याचा, असं अख्ख्या पेठेचं मत. बाराव्या दिवशी उंबऱ्यावर तिच्या ओटीत पोर घातली. अमीरबीनं "माझी हाय गं बाई ही, पर मला नको. काळी हाय, रडकी हाय. कोण घेतंय का?" असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. आणि झुंबरबाईनं सूपभर कोंडा तिच्यापुढं ओतून पोर विकत घेतली. म्हणून नाव कोंडाबाई. म्हणून पाच वर्षं पुरी होईस्तोवर तिला 'माझी' म्हणायचं नाही, तिचं कौतुक करायचं नाही, नवं परकर-पोलकं शिवायचं नाही. नको असलेल्या वस्तूकडे सटवाईचं काय काम?

झुंबरबाईनं हे व्रत असं पाळलं, असं पाळलं की विचारू नका. केस विंचरताना पोरीच्या टाळूचा वास घ्यायचा आणि लगेच "शी, काय शेणाचा वास येतोय!" म्हणून ओरडायचं. कोंडीनं काही शहाणपणाचं बोललं की "बघा बघा, सूपभर कोंड्याला काय जीभ फुटलीया!" आतून मात्र जीव तिळतिळ तुटायचा. 'माझी' हा एवढासा शब्द, पण तो गिळता गिळता तिच्या घशाला घट्टे पडले होते.

पाच वर्षं भरायला थोडेच दिवस उरले होते, आणि त्यातच ती सकाळ उजाडली.

त्या वेळी महाराजांच्या राज्यात तालमींना सुगीचे दिवस होते. शेजारच्या तालमीचे पैलवान पहाटेची मेहनत उरकून अंगाच्या लाल मातीसकट थेट म्हशीपाशी यायचे आणि समोर काढलेलं दूध उभ्या उभ्या प्यायचे. त्यांचा वस्ताद सयाजी म्हणजे दरवाजातून आडवा आत येणारा गडी. त्या दिवशी त्यानं चरवी तोंडाला लावली, तेवढ्यात कोंडी कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभी राहिली.

"वस्ताद, एवढा मोठा बाप्या झालास आन् अजून दूध पितोस? माझं कवाच तोडलं. आय, ह्येला बी कडूलिंबाचा पाला लाव की!"

पैलवान हसून हसून खाली बसले. वस्तादाच्या नाकातून दूध आलं. इथवर ठीक होतं. पण झुंबरबाई दुसऱ्या म्हशीकडे वळली तर रेडकू दाव्याचं सुटलेलं, कासेला लागलेलं, आणि शेवटचा थेंबसुद्धा ओढून शेपूट हलवत उभं. दावं कोंडीच्या हातात होतं.

"म्या सोडलं त्येला," कोंडी म्हणाली. "त्ये ल्हान हाय. वस्ताद मोठा हाय. वस्तादाला भाकरी दे."

आता चार पैलवान उपाशी उभे, रोजचं गिऱ्हाईक हातचं जाणार, आणि ही भवानी न्याय सांगतेय! झुंबरबाईचं टाळकं सरकलं. "जा! निघ हितनं! तुझ्या अमीरनानीला जाऊन सांग, हिला परत घे म्हणावं, आन् आमचा सूपभर कोंडा माघारी दे! जा!"

हे तर ती दिवसातून चारदा म्हणायची. पण आज कोंडीनं विचारलं, "खरंच जाऊ?"

"जा म्हटलं न्हवं!" झुंबरबाईनं मान वर करूनही पाहिलं नाही.

पुढं पैलवानांची समजूत घातली, शेण काढलं, चूल पेटवली. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली, ती नेहमी कोंडीची असायची. "कोंडे!" म्हणून हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. घर कसं गप्प होतं. त्या घरात गप्पपणाची कुणाला सवयच नव्हती. कोपऱ्यात बघते तर खुंटीवरचं सूपही जागेवर नाही.

'गेली वाटतं अमीरबीकडं,' असं म्हणत ती निघाली. अमीरबीच्या दाराला कुलूप.

समोरची विठाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आगं, पोरं कालच फुडं गेली आन् ती दोघं बी मघाशीच कबनूरला गेली की, भाचीच्या लग्नाला. लग्नाच्या गाद्या शमशूनंच भरल्यात न्हवं. गाडी भरून गेली."

"आन् माझ... आन् कोंडी? कोंडी हुती गाडीत?"

"न्हाय बा. मी हितंच हुतो. गाडी हाकली तवा पुढं शमशू, मागं अमीरबी आन् मधी गाद्यांचा डोंगर. पोरगी कुठली?"

दार बंद बघून पोर कुठं गेली असेल? उत्तर समोर होतं. रंकाळा तलाव. सकाळी सरकारी हत्ती तिथं आंघोळीला येत, आणि कोंडीला हत्तीचं भारी वेड. परवाच विचारत होती, "आय, हत्तीला पुढनं बी शेपूट हाय, मागनं बी हाय. मग त्यो जातोय कुणीकडं?" तेव्हा झुंबरबाईनं तिला धपाटा घातला होता. आता तो धपाटा तिच्याच काळजावर बसला.

ती पळत सुटली. डोईवर पदर नाही, पायांत काही नाही. वाटेत गवताचा भारा घेऊन येणारा पिराजी भेटला. त्यानं भारा तिथंच टाकला. तालमीपुढनं जाताना तिचा आवाज ऐकून पैलवान बाहेर आले आणि कुणी काही न विचारता मागं धावले.

घाटावर हत्ती नव्हते, ते येऊन गेले होते. धुणं धुणाऱ्या बायकांनी पोरगी पाहिली नव्हती. पण घाटाच्या कडेला, शेवाळावर, पाय घसरल्यासारखी एक खूण होती. कुणाची कोण जाणे, म्हशीचीही असेल. पण सयाजी वस्तादानं ती पाहिली आणि तशीच पाण्यात उडी घेतली. मागनं त्याचे चारही पठ्ठे.

झुंबरबाई पायरीवर बसली. वस्ताद बुडी मारायचा, वर यायचा, मान हलवायचा, पुन्हा बुडी. दर बुडीला तिला वाटायचं, ह्या वेळेला त्याच्या हातात काहीतरी असेल, आणि ती डोळे मिटून घ्यायची. पिराजी कमरेएवढ्या पाण्यात हातांनी नुसता चाचपत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

"सटवाई, अगं रांडे," झुंबरबाई पाण्याकडे बघून बोलायला लागली, "एकदा तरी म्हटलं का गं म्या तिला माझी? पाच वर्सं जीभ चावली. तिला काळी म्हटलं, घाण म्हटलं, दुसऱ्याची म्हटलं. नवं कापड घातलं न्हाय अंगावर. मग आता कशाला हात घातलास? आन् आज तर म्याच तिला जा म्हटलं. म्याच..." आपल्या लेकीनं शेवटचं ऐकलं ते 'जा' हेच, हा विचार तिला आतून कुरतडत होता. पहिल्या दोघांना निदान मांडीवर घेऊन 'बाळा' तरी म्हटलं होतं. हिला तेवढंही नाही.

उन्हं पार डोक्यावर आली आणि रस्त्यावरनं विठाबाईची आरोळी आली. जाड बाई, धापा टाकत, एका हातात लुगड्याच्या निऱ्या धरून पळत येत होती.

"झुंबरेऽऽ! गाडी माघारी आलीया! हाय गं, पोरगी हाय! जित्ती हाय! बडबडतीया!"

बडबडतीया म्हटल्यावर शंकाच उरली नाही.

गल्लीत गाडी उभी होती, बैलांच्या तोंडाला फेस. गाद्यांच्या डोंगरावर कोंडी बसली होती, केसांत हे एवढाले कापसाचे पुंजके अडकलेले, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं सूप. सुपात काठोकाठ कोंडा.

"आय, आणला बघ!" ती वरनंच ओरडली. "नानी देत न्हवती. लय भांडलो मी!"

अमीरबी खाली उतरून कपाळाचा घाम पुसत होती. "काय सांगू झुंबरे! आम्ही आत कुलूप शोधतोय तवर ही मागनं चढली आन् गाद्यांत शिरून निजली. उचगावच्या ओढ्यावर बैलं पाण्याला सोडली तर आतनं आवाज आला, 'नानी, मला परत घे आन् आयचा कोंडा दे.' माझा तर जीवच गेला, या अल्ला! तशीच गाडी वळवली. लग्न जाऊंदे म्हटलं, तिथं ती येडी झाली आसंल. पर ही ऐकंल तर शप्पत! कोंडा, कोंडा, कोंडा. शेवटी बैलांच्या पिशवीतला घातला तिच्या सुपात, तवा कुठं जरा गप झाली."

कोंडीनं सूप पुढं केलं. "घे. म्हशीला घाल. आता मी नानीची."

झुंबरबाई त्या सुपाकडं बघत राहिली. ते घेतलं की सौदा मोडला. तिनं हात उचलला आणि त्या सुपाला असा फटका हाणला की कोंडा उडाला आणि बैलांवर, अमीरबीवर, विठाबाईच्या तांदळांवर, सगळीकडं भुरभुरला. मग तिनं लेकीला गाडीवरनं ओढून काढलं, छातीशी दाबलं, आणि पाच वर्षं गिळलेला शब्द गल्लीच्या मधोमध उभं राहून ओरडली.

"माझी हाय! ऐकलासा का समद्यांनी? माझी हाय ही! माझ्या पोटची! कुणाची न्हाय, माझी!"

सुईणीचे शब्द सगळ्यांना माहीत होते. पिराजी मागं येऊन उभा राहिला होता, त्यानं भिऊन डोळे मिटले. ओला चिंब वस्ताद भिंतीला टेकून नाक शिंकरत होता, रडत नाही असं दाखवायला.

कोंडीनं आधी वस्तादाला पाहिलं. "वस्ताद, भिजलास की! तुझी आय मारंल आता." मग तिनं दोन्ही हातांनी आईचं तोंड आपल्याकडं वळवलं, कापसाच्या पुंजक्यांसकट डोकं तिच्या कानाला लावलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"आय, गप की. मोठ्यानं म्हणायचं न्हाय. सटवाई ऐकंल. नानीनं मला गाडीत समदं सांगितलंय. मी तुझीच हाय, पर कुणाला सांगायचं न्हाय."

झुंबरबाईनं अमीरबीकडं पाहिलं. अमीरबी पदरावरचा कोंडा झटकत दुसरीकडेच बघत होती.

"कुणाला न्हाय सांगत," झुंबरबाई लेकीच्या कानात म्हणाली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि डोळ्यांतलं पाणी थांबता थांबत नव्हतं. मग तिनं नाक पुसलं, पदर सावरला, आणि अख्ख्या शिवाजी पेठेला, पेठेवरनं जाणाऱ्या सटवाईलासुद्धा ऐकू जाईल असा आवाज काढला.

"चल घरात, काळ्या तोंडाचे! नुसता ताप डोक्याला! कुणी घ्यायला बी तयार न्हाय मेलीला!"

आणि आईच्या मानेत तोंड खुपसून कोंडी घरी जाईपर्यंत हसत राहिली.