क्लॅरीचा मांडव

मित्रांनो, ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठी, एका मळ्यात उभा असलेला मी एक म्हातारा मांडव. द्राक्षं वाळवून बेदाणे करणं हे माझं काम. क्लॅरी पेंगेली आणि त्याची बायको लोर्ना यांनी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला उभं केलं. लाकडी खांब, वर पत्रा आणि मध्ये तारेच्या जाळीचे आठ थर. असे माझे बारा खण होते.

फेब्रुवारीत मी भरून जाई. पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवलेले घड लोर्ना माझ्या जाळ्यांवर पसरी. हिरवी द्राक्षं दिवसागणिक सोनेरी होत. क्लॅरीचा बेदाणा डोळे मिटून ओळखावा, असं शेजारचे मळेवाले म्हणत.

मग क्लॅरी वारला. मळा त्याची मुलगी हीदर पाहू लागली. आता घडांच्या काड्या छाटून तशाच लटकत ठेवतात, द्राक्षं वेलीवरच वाळतात आणि उंच यंत्र ती झाडून नेतं. हीदरची पाठ वाचली, त्यात वाईट काय? पण पिकल्या द्राक्षांचा वास आला की मला राहवत नसे. सहा वर्षं माझ्या जाळ्यांतून नुसता वारा फिरला.

गेल्या उन्हाळ्यात यंत्राला वळायला जागा पुरेना. सोमवारी मला पाडायचं ठरलं. ऐंशी ओलांडलेली लोर्ना कात्री घेऊन वेलींकडे गेली. तिनं बादलीभर द्राक्षं तोडली, बुडवली आणि दुखऱ्या कमरेनं माझ्यावर पसरू लागली.

"आई, हे वाळायला दहा दिवस लागतील. ट्रॅक्टर सोमवारी येतोय."

"मग दहा दिवसांनी बोलाव."

हीदरनं ट्रॅक्टरवाल्याला फोन करून दिवस पुढे ढकलला. मग तिनंही घड उचलले.

"ओतू नकोस गं. मोकळे ठेव, वारा लागू दे."

लोर्ना रोज माझ्या सावलीत खुर्ची टाकून बसली. अकराव्या दिवशी दोघींनी जाळी हलवली, बेदाणे खाली गोणपाटावर पडले. लोर्नानं एक तोंडात टाकला.

"तुझा बाप म्हणाला असता, अजून दोन दिवस हवे होते."

दोघी हसल्या. हसता हसता लोर्नानं डोळे पुसले.

ट्रॅक्टर आला. माझे अकरा खण गेले. बारावा राहू दे, असं हीदरनंच सांगितलं.

मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. जुनं सगळं जपा, असंही मी म्हणत नाही. एवढी जागा आहे कुणाकडे? पण एखादी वस्तू मोडण्याआधी तिला तिचं काम एकदा करू द्या. रिकामं जाणं फार जड जातं.