थोरली बाकावर

सहा वर्षं देशाच्या फुटबॉल संघाचा गोल थोरलीने सांभाळला होता. या स्पर्धेत मात्र ती राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली होती आणि गोलमध्ये उभी होती तिची धाकटी बहीण. झेप कशी घ्यायची, हे धाकटीला थोरलीनेच शिकवलं होतं.

गटातला दुसरा सामना. संघ एक-शून्यने पुढे होता. धाकटीने चार फटके अडवले आणि चारही वेळा थोरलीच्या पोटात दुखलं. टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात तिच्याच. वाजवल्या नाहीत तर लोक काय म्हणतील? मागून कोणीतरी ओरडलं, "बहिणीपेक्षा सरस आहे रे ही!" ते तिला फार झोंबलं.

पाच मिनिटं उरली असताना समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मारायला आली त्यांची उंच स्ट्रायकर. थोरली तिच्याबरोबर दोन वर्षं एका क्लबात खेळली होती. कोच धावत बाकापाशी आले.

"लवकर सांग, कुठे मारते ही?"

गोलकीपरच्या डावीकडे, खाली. दडपण आलं की दर वेळी तिथेच. थोरलीला हे पक्कं ठाऊक होतं.

"तिचा काही नेम नाही, सर."

कोचनी धाकटीला 'तूच बघ' अशी खूण केली. ती उजवीकडे झेपावली, चेंडू तिच्या डावीकडून आत गेला. एक-एक. सामना बरोबरीत सुटला.

ड्रेसिंग रूममध्ये धाकटी भिंतीकडे तोंड करून रडत होती. थोरली शेजारी बसताच तिला बिलगली. "ताई, तू असतीस तर अडवला असतास."

हेच ऐकायला थोरलीचे कान आसुसले होते. आता मात्र तिला ऐकवेना.

"ती कुठे मारणार ते मला माहीत होतं. सरांशी खोटं बोलले मी."

धाकटी बाजूला सरकली. "का?"

"तू चांगली खेळत होतीस म्हणून."

धाकटीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. थोरली उठली आणि हेच कोचना सांगून आली. पुढच्या सामन्याला तिला बाकावरही जागा मिळाली नाही. बसमध्ये धाकटी दुसऱ्या कोणाजवळ बसू लागली.

पाचव्या दिवशी सरावाला धाकटी गोलमध्ये उभी राहिली आणि थोरलीकडे न बघताच म्हणाली, "मार. जोरात मार."

थोरलीने चेंडू ठेवला आणि सगळा जीव ओतून मारला.