बॅटरी चांगली होती

बॅटरी चांगली होती. विलास रामटेकेने ती तिसऱ्यांदा तपासली, मल्टिमीटर बंद केला आणि टेबलावरच्या उघड्या खोक्याकडे बघत बसून राहिला.

खोकं त्याच्याच कंपनीचं होतं. प्रयोगशाळांमधल्या मोठ्या फ्रीझरना ते जोडलेलं असे. आतलं तापमान वाढू लागलं की आपण होऊन फोन लावायचा, एवढंच त्याचं काम. पण शनिवारी इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात एका प्रयोगशाळेत फ्यूज उडाला, फ्रीझर बंद पडला आणि खोक्याने फोन लावलाच नाही. सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सगळीकडेच सुट्टी. मंगळवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतलं सगळं वितळलं होतं.

ते तीन दिवस विलास ब्रिस्टलच्याच फिशपॉण्ड्स भागातल्या भाड्याच्या खोलीत एकटाच होता. दूध आणायला एकदा बाहेर पडला, तेवढाच. मंगळवारी ग्रॅहमने, म्हणजे त्याच्या मॅनेजरने, नेहमीसारखं ‘मॉर्निंग’ म्हटलं, तेव्हा उत्तर देण्याआधी विलासला घसा साफ करावा लागला.

खोक्यात नखाएवढी एक चिप होती. वीज गेली की बॅटरी जोडून देणं हे तिचं एक काम. ते तिने चोख केलं होतं. दुसरं काम राखणीचं. प्रोग्रॅमने तिला दर सेकंदाला आपण चालू असल्याचा इशारा द्यायचा. इशारा थांबला की प्रोग्रॅम अडकला असं समजून तिने सगळं नव्याने सुरू करायचं. विजेच्या झटक्याने प्रोग्रॅम अडकला होता, हे उघड होतं. मग चिपला ते कळलं का नाही?

चारच्या सुमारास त्याला ती ओळ सापडली. बाजूला त्याचीच आद्याक्षरं होती. तीन वर्षांपूर्वी, नागपूरहून नवा आला असताना, त्याने घाईघाईत तो इशारा आतल्या घड्याळाच्या ठोक्याला बांधून टाकला होता. बाकी सगळं अडकलं तरी घड्याळ चालत राहतं. तीन दिवस चिपला इशारे मिळत होते आणि बाहेर हिरवा दिवा जळत होता.

ग्रॅहमला त्याने सांगितलं. ग्रॅहम वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाला की बॅटरी मार्चमध्येच बदलायला हवी होती, तसं मॅन्युअलमध्ये लिहिलंय, आणि प्रयोगशाळेने ती बदलली नाही. तसं त्यांना सकाळी फोनवर कळवलंही आहे. बाकीच्या खोक्यांमधला प्रोग्रॅम पुढच्या सर्व्हिसिंगला हळूच बदलून टाकू. मग विषय बदलल्यासारखं करत म्हणाला, तुझ्या वर्क पर्मिटचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे, या आठवड्यात सही करतो. सप्टेंबरात पर्मिट संपत होतं. ते वाढलं की बायको कल्याणी आणि आठ वर्षांचा सम्यक इकडे यायचे होते.

बुधवारी विलास दुसरं खोकं बसवायला प्रयोगशाळेत गेला. दाराशी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून त्या मराठीत म्हणाल्या, “रामटेके म्हणजे विदर्भातले का?”

त्या डॉ. श्यामला पाठारे. तीस वर्षांपासून इथे. सेव्हर्न नदीत दर वसंतात समुद्रातून वाम माशाची पिल्लं येतात, त्यांचे नमुने त्यांनी अकरा वर्षं गोळा करून याच फ्रीझरमध्ये ठेवले होते. वाम दरवर्षी कमी होत चालली होती. का, ते त्यांना शोधायचं होतं. दोन वर्षांनी त्या रिटायर होणार होत्या.

विलास स्टुलावर चढून जुन्या वायरी काढू लागला. बाई खालून बघत होत्या.

“बॅटरीचं माझ्या लक्षातच राहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मंगळवारी दार उघडलं तेव्हा मी दिवा चेक केला होता, हिरवा होता. निदान मला तसं वाटतंय. पण बॅटरीच संपली असेल, तर तो जळेल कसा? आता खात्री नाही देता येत. या वयात असं होतं का हो? जे नाही ते दिसतं?”

विलासच्या हातात स्क्रू होता. तो त्याने खिशात टाकला आणि खाली उतरला.

“दिवा हिरवाच होता, मॅडम. बॅटरीही चांगली होती. प्रोग्रॅम मी लिहिलाय. चूक माझी आहे.”

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “हे लिहून द्याल?”

“देतो.”

त्या त्याच्यावर रागावल्या नाहीत, आणि त्यांनी आभारही मानले नाहीत. त्याने खोकं बसवलं, नवा प्रोग्रॅम तीनदा तपासला. निघताना त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

रिपोर्ट दोन पानांचा झाला. एक प्रत बाईंना गेली, एक ग्रॅहमला. तो वाचून ग्रॅहम एवढंच म्हणाला की मला हा पुढे पाठवावा लागेल. देशभरातली एकशे चाळीस खोकी परत मागवली गेली. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी ग्रॅहमने विलासला बोलावून सांगितलं की ऑर्डर कमी झाल्यात, पर्मिटचं या वर्षी जमणार नाही. बोलताना तो विलासकडे बघत नव्हता.

शनिवारी दुपारी विलासने फोनकार्ड आणून नागपूरला फोन लावला आणि कल्याणीला सगळं सांगितलं.

“तुम्ही सांगितलं नसतं, तर कोणाला समजलं असतं का?” शेवटी तिने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“त्या बाईंना वाटत होतं, आपलंच डोकं चालेनासं झालं.”

पलीकडे कोणीतरी भांडं सरकवल्याचा आवाज आला.

“सम्यकचा शाळेचा दाखला काढून ठेवला होता,” कल्याणी म्हणाली. “सोमवारी परत देऊन येते. घेतील ते.” मग तिने विचारलं, “ती पिल्लं कशी असतात हो?”

“बोटाएवढी. काचेसारखी आरपार, म्हणे. फक्त डोळे दिसतात. दोन-तीन वर्षं समुद्रातून वाहत येतात.”

“तुम्ही पाहिली?”

“नाही,” विलास म्हणाला. “ती आता पुढच्या एप्रिलमध्ये येतील.”