ओवीचा वाटा

"टीचर, उद्यापासून ओवी येवची नाय," बालवाडीच्या दारातच उभा राहून गुरुप्रसाद म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. ओवी त्याची लेक. पायांत जोर नाही, पण बोलायला लागली की दम खात नाही. मी पोरांना पाटी धरायच्या आधी खेळायला लावते म्हणून आधीच गावाची बोलणी खाते, त्यात आता हा.

"कित्याक रे?"

"बाकीची पोरां खेळतत, ही बसान रवता. माका ता बघवणा नाय."

माझा राग अर्धा उतरला. माझ्या धाकट्या भावाचा मित्र, लहानपणापासून पाहिलेला.

"आजचो खेळ बघ, मगे खुशाल घेवन जा," मी म्हटलं.

मागच्या अंगणात रापण चालली होती. एरवी गावाने मिळून समुद्रातलं जाळं किनाऱ्यावर ओढायचं, ती रापण. इथे जाळं म्हणजे माझी जुनी साडी आणि बांगडे म्हणजे फणसाची पानं. पोरं दोर ओढत मागे सरकत होती आणि शेवटी बसलेली ओवी आलेला दोर गुंडाळत होती. हे काम तिला मी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. काथ्याच्या दोराने तिचे तळवे लालबुंद झाले होते.

जाळं आलं. निहार पानांचे वाटे घालू लागला तसा ब्रॅंडन म्हणाला, "ओवी नुसती बसलली. तिका वाटो कित्याक?"

मी त्याला झापणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"दोराक हात लावल्यान मा तिना? मगे तिका वाटो. रापणीत हो नेम आसा."

गुरुप्रसाद बोलला होता. तो स्वतः रापणीवरचा माणूस, तिथे बोलतो तसंच बोलून गेला. मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. तो खाली बघत राहिला. ब्रॅंडनने मुकाट्याने ओवीपुढे पानं ठेवली.

"चल गो बाय," थोड्या वेळाने गुरुप्रसाद ओवीला म्हणाला.

"थांब बाबा, दोर रवलो आसा."

तो थांबला. दोर पुरा गुंडाळून होईपर्यंत तिच्याशेजारी मातीत बसून राहिला. मग तिला कडेवर घेऊन गेला. उद्या ती येणार की नाही, ते मला कळलंच नाही. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी दार उघडलं तर दोघं पायरीवर. त्याच्या खांद्यावर रापणीचा जुना, वापरून मऊ झालेला दोर होता.

"टीचर, हो घेवा," तो म्हणाला. "हो तिच्या हातांक टोचाचो नाय."